मॅचनंतर बघू

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. पण शाळेतला नाही आणि बागेतलाही नाही. माझ्यावर कोणी बसत नाही, माझ्यावर माणसे पालथी पडतात. मी मालिशचा बाक आहे, आणि तोही ऐऱ्यागैऱ्याचा नव्हे, देशाच्या महिला फुटबॉल संघाचा! हे सांगताना पूर्वी माझी छाती फुगत असे. बाकाला कुठली आली छाती, असे म्हणू नका. माझ्या अंगावर चांगला जाड फोम आहे. हल्ली मात्र छाती फुगत नाही. हल्ली नुसते डोके फिरते, आणि डोक्याच्या जागी मला एक गोल भोक आहे, त्यामुळे ते फिरलेले कुणाला दिसतही नाही.

त्या भोकाची हकिगत आधी सांगतो. माणूस पालथा पडला की त्याला श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून बाकाच्या एका टोकाला तोंडापुरते भोक ठेवतात. ज्या सुताराने मला घडवले त्याने ते आधी फारच लहान कापले होते. बरोबर झाले का हे पाहायला तो स्वतःच माझ्यावर पडला आणि त्याचे भले मोठे नाक आत अडकून बसले. त्याच्या बायकोने हसत हसत त्याला मागे ओढून काढले. मग त्याने भोक मोठे केले, कड तासून गुळगुळीत केली, वर फोम आणि रेक्झिन चढवले. माझ्या जन्माच्या दिवशी लोक हसले होते, हे मला अजून आठवते.

खरे तर मला पुरुषांच्या संघासाठी बनवले होते. काही वर्षे मी त्यांच्याकडे राबलो. मग त्यांना परदेशी, घडी होणारे, खालीवर होणारे टेबल आले आणि मला महिलांच्या संघाकडे ढकलले. तिथे गेल्यावर कळले की असा मी एकटाच नव्हतो. त्यांच्या अंगावरच्या जर्सी पुरुषांच्या जुन्या होत्या, खांद्यावरून ओघळणाऱ्या. त्यांचे चेंडूही उतरलेले होते. आमची खोली स्टेडियमच्या पायऱ्यांखाली होती आणि पूर्वी तिथे मैदान आखायचा चुना ठेवत असत. भिंतीला हात लावला की हात पांढरा व्हायचा.

त्या खोलीची मालकीण म्हणजे मावशी. तिला सगळे मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठी असलेली मैदानाची देखरेख करणारी बाईसुद्धा. मावशी मालिश करायची. माणसांशी ती फार बोलायची नाही, पण स्नायूंशी भांडायची. एखाद्या पोटरीत गाठ लागली की म्हणायची, "काय गं, दगड भरलेस का आत? सोड. सोड म्हणते ना!" आणि गाठ खरोखर सुटायची.

मावशीच्या खोलीचे नियम पक्के होते. बूट दाराबाहेर काढायचे, कारण बुटांच्या खिळ्यांनी जमिनीवरच्या लिनोलियमची चाळण होते. त्यामुळे आमच्या खोलीत येण्याजाण्याचा आवाज म्हणून व्हायचा नाही; सगळ्या अनवाणी. दुसरा नियम असा की संघात सगळ्यात नवी असेल ती बाकावर आधी आणि कप्तान शेवटी. आणि तिसरा नियम कप्तानाने घातलेला होता : बाकावर बोललेले बाकावरच राहील. कारण मित्रांनो, तोंड खाली करून पडलेला माणूस खरे बोलू लागतो. समोर कुणाचा चेहरा नसतो, दिसते ती फक्त जमीन.

त्यामुळे मला सगळ्यांचे सगळे ठाऊक असायचे. आमच्या गोलरक्षिकेला सगळ्या 'भिंत' म्हणत. ती कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती. सराव शिबिर लागले की तिला बिनपगारी रजा घ्यावी लागे, आणि दर वेळी तिचा साहेब विचारायचा, "तुमचं फुटबॉल संपणार कधी?" कप्तान औषधांच्या दुकानात उभी असायची. दिवसभर उभे राहून तिचा उजवा गुडघा सुजायचा आणि संध्याकाळी त्याच गुडघ्यावर ती सराव करायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते की हा हंगाम निघेल, पुढचा निघणार नाही. हे ती माझ्या भोकात तोंड घालून मावशीला म्हणाली होती आणि मावशीने गुडघ्याखाली टॉवेल सरकवला होता. कप्तानाची धाकटी बहीण, भिंगरी, त्या वेळी ज्युनियर संघात होती. पायाला चाके लावल्यासारखी धावायची, म्हणून भिंगरी. तिला फक्त एकदा, एकदाच, ताईबरोबर मोठ्या संघात खेळायचे होते.

त्या वर्षी आमच्या मुलींनी कमाल केली. एकामागून एक सामने मारत त्या जागतिक स्पर्धेच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचल्या. शेवटचा एक सामना उरला, तोही आमच्याच मैदानावर. तो जिंकला की देशाचा महिला संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेला जाणार होता. गावभर फलक लागले. फोटोत महासंघाचे अध्यक्ष होते, सचिव होते, सचिवांचे मेहुणेही होते. कप्तान कडेला होती, अर्धी कापलेली.

आणि पैसे? तिथे सगळा आनंदीआनंद होता. महासंघाने प्रत्येक सामन्याचे मानधन कबूल केले होते, शिबिराचा रोजचा भत्ता कबूल केला होता, इथवर पोहोचल्याबद्दल बक्षीसही कबूल केले होते. सगळी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! कप्तान विचारायला गेली की सचिवसाहेब चहा मागवायचे, गुडघ्याची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "मॅचनंतर बघू." सामना व्हायचा. ती पुन्हा जायची. "आता पुढच्या मॅचवर लक्ष द्या, मॅचनंतर बघू." हे ऐकून ऐकून माझे रेक्झिन उसवायची वेळ आली. पुरुषांचा संघ त्याच वर्षी पहिल्याच फेरीत आपटून घरी आला होता, पण त्यांचे मानधन त्यांच्या विमानाच्या आधी पोहोचले होते.

आता गंमत ऐका. हेच सचिवसाहेब दर सोमवारी आमच्या खोलीत यायचे. त्यांची कंबर धरायची. महासंघाच्या नव्या इमारतीत लिफ्ट होती, थंड हवा होती, पण मावशीसारखा हात नव्हता. मावशीचा पगारही मुलींच्या भत्त्याबरोबर अडकलेला, तरी साहेब आले की तिला हात धुऊन उभे राहावे लागे. साहेब कोट काढून खुंटीला लावायचे, माझ्यावर पालथे पडायचे आणि भोकात तोंड घालून सुस्कारा सोडायचे. काय वजन त्यांचे! माझे मागचे दोन पाय त्यांच्यामुळेच ढिले झाले आहेत.

शेवटच्या सामन्याला थोडे दिवस उरले असताना ते असेच आले. कंबर अगदी लाकूड झाली होती. मावशी दोन्ही अंगठे रोवून दाबत होती. साहेबांना बरे वाटू लागले आणि जीभ सैल झाली. मावशी सहज म्हणाली, "पोरी पैशांचं विचारत होत्या, साहेब."

"पैसे काय, आलेत गं," साहेब भोकातून म्हणाले. "वरच्या संघटनेनं महिलांच्या संघासाठी म्हणूनच पाठवले होते. सभागृहात लागले ते. नव्या खुर्च्या बघितल्यास का तू? काय मऊ आहेत! बसलं की उठावंसं वाटत नाही."

"आणि पोरींचं?"

"त्यांचं काय? त्या खेळणारच. आवडीनं खेळतात. आवडीच्या कामाला कोण पैसे देतं, सांग मला. जरा डावीकडे दाब."

मावशीने डावीकडे दाबले. साहेबांनी डोळे उघडले आणि माझ्या भोकातून त्यांना जमिनीवर एक पाय दिसला. अनवाणी. अंगठ्याचे नख काळे पडलेले. त्याच्या शेजारी दुसरा, घोट्याला पट्टी बांधलेला. मग तिसरा, चौथा. सराव संपवून अख्खा संघ खोलीत येऊन उभा होता, आणि बूट बाहेर काढायच्या नियमामुळे साहेबांना चाहूलही लागली नव्हती. मावशी दाराकडे तोंड करून उभी होती, एवढे मी सांगून ठेवतो. पुढचे तुम्ही समजून घ्या.

"पडा साहेब, आरामात पडा," कप्तान म्हणाली. "उठलात की हेच आम्हाला उभ्यानं सांगा. आम्ही थांबतो."

साहेब ताडकन उठायला गेले आणि "आई गं" करून परत कोसळले. कंबरेने दगा दिला होता. शेवटी भिंतीने एका बाजूने आणि कप्तानाने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना बसते केले. साहेबांनी कोट घातला, गळ्यातला टाय सरळ केला आणि म्हणाले, "अहो, मी गमतीनं बोलत होतो."

"मग आम्हालाही हसू येऊ द्या की," भिंत म्हणाली.

साहेब भिंत धरत धरत निघून गेले. खरोखरची भिंत, चुन्याची. कोटाची बाही पांढरी झाली. ते गेल्यावर खोलीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. भिंत म्हणाली, "आत्ताच्या आत्ता पेपरवाल्यांना सांगू या."

"बाकावरचं बाहेर जाणार नाही," कप्तान म्हणाली.

"नियम काय चाटायचाय? तो आपल्या पैशांच्या खुर्च्यांवर बसतोय!"

"उद्या तू इथं पडून रडशील, तेही मग बाहेर जाईल. पैसे आपले आहेत. ते मागायला चोरून ऐकलेलं कशाला पाहिजे? मिळाले तर खेळू, नाहीतर नाही."

मित्रांनो, मला तेव्हा कप्तानाचा इतका राग आला! मी माणूस असतो तर स्टेडियमच्या भोंग्यावरून ओरडून सांगितले असते. पण संघाने तिचे ऐकले. त्यांनी जाहीर केले की ठरलेले पैसे दिल्याशिवाय आम्ही मैदानात उतरणार नाही. लगेच दुसऱ्या दिवशी सचिवसाहेबांनी पत्रकार बोलावले. मऊ खुर्चीत बसून ते म्हणाले की या मुली पैशांसाठी देशाला वेठीला धरतात. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय! लोकांना तेच पटले. औषधांच्या दुकानात एक आजोबा कप्तानाच्या हातून गोळ्या घ्यायला तयार होईनात, दुसऱ्या मुलीला बोलवा म्हणाले. तिने निमूटपणे दुसरीला बोलावले.

महासंघाने मग ज्युनियर मुलींमधून बदली संघ निवडला. त्यात भिंगरीचे नाव होते.

त्या संध्याकाळी दोघी बहिणी आमच्या खोलीत आल्या. भिंगरी माझ्यावर पडली नाही, माझ्या कडेला टेकून उभी राहिली. म्हणाली, "ताई, मी काय करू?"

"मला विचारू नकोस," कप्तान म्हणाली. "मी खेळ म्हटलं तर या सगळ्या माझं तोंड बघणार नाहीत. नको खेळू म्हटलं तर आई बघणार नाही."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मी खेळावं," कप्तान म्हणाली. "मला खेळायचंय गं. मला ही मॅच खेळायचीये. पुढच्या वर्षी मी जिना चढू शकेन का, तेही मला माहीत नाही."

भिंगरीने तिचा हात धरला. मावशी तेलाच्या बाटल्या पुसत राहिली. त्या केव्हाच्या पुसून झाल्या होत्या.

सामन्याचा दिवस उजाडला. वर पायऱ्या माणसांनी भरल्या. त्यांच्या पायांनी आमच्या छताचा चुना खाली पडत होता. ज्युनियर मुली आत आल्या, दाराबाहेर बुटांची रांग लागली आणि मावशीने एकेकीचे पाय चोळून दिले. वेळ झाली. कुणीच बूट घालायला उठेना. सचिवसाहेब दारात आले आणि ओरडले, "चला, चला! समोरचा संघ रांगेत उभा आहे!"

भिंगरी माझ्यावर पडली होती, ती उठून बसली. "साहेब, ताईंचे पैसे दिले का?"

"तो तुमचा विषय नाही."

"मग मॅचपण आमचा विषय नाही," भिंगरी म्हणाली. इतर मुली तिच्याजवळ सरकल्या. एकीचे दात भीतीने वाजत होते, पण तीही सरकली.

साहेबांचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. घोडे अडले की मगच काहींना गवत आठवते. ते धावत फाटकाकडे गेले. मोठा संघ तिथे हातात फलक घेऊन उभा होता आणि लोकांच्या शिव्या खात होता. थोड्याच वेळात साहेब सगळ्यांना घेऊन खाली आले. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"कप्तान, उतरा," साहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "झालं गेलं विसरा. मी शब्द देतो. मॅचनंतर लगेच सगळा हिशोब."

"मॅचच्या आधी का नाही?"

"अहो, आत्ता कसं शक्य आहे? अध्यक्षांची सही लागते."

"अध्यक्ष वर बसलेत की," भिंत म्हणाली. "पेन मी देते."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. सगळ्या जणी कप्तानाकडे पाहू लागल्या. मोठ्या, धाकट्या, मावशीसुद्धा. तिने हो म्हटले असते तर सगळ्या उतरल्या असत्या, मला खात्री आहे. कुणी तिला नावे ठेवली नसती. आणि मी तुम्हाला खरे सांगतो, मला वाटत होते की तिने हो म्हणावे. खड्ड्यात गेले ते पैसे! तिला एकदा पळू दे.

कप्तान येऊन माझ्यावर बसली. तिने पँटचा पाय वर केला. आतमध्ये गुडघ्याला सामन्याची पट्टी बांधलेली होती, घट्ट, नीट, जशी मावशी बांधते तशी. सकाळी घरून निघतानाच तिने ती बांधली होती. साहेबांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

मग कप्तान पट्टीचे टोक शोधून ती सोडू लागली. चिकटपट्टी कातडीवरून सुटताना चर्र आवाज होतो. ती घाई न करता एकेक वेढा सोडत गेली, आणि साहेब दारात उभे राहून पाहत राहिले. सोडून झाल्यावर तिने पट्टीचा गोळा केला आणि मावशीच्या हातात दिला. बाहेर पंचाची शिट्टी झाली. समोरच्या संघाला न खेळताच विजय मिळाला.

वर लोक किती तरी वेळ आरडाओरडा करत होते. कप्तान माझ्यावर पालथी पडून राहिली. मावशीने सवयीने तिच्या पोटरीवर हात ठेवला आणि लगेच उचलला. पाय पळायला तयार होते, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की सामना नाही. मावशीने तिच्या पायांवर चादर घातली आणि भिंगरी जमिनीवर बसून राहिली.

तुम्हाला वाटेल, मग महासंघाला लाज वाटली असेल. छे! महासंघाला जाहिरातीचे पैसे देणारी एक साबणाची कंपनी होती. तिच्या मालकीणबाईंनी सांगितले की असल्या भांडणात आमचे नाव नको, मिटवा नाहीतर आम्ही चाललो. तेव्हा कुठे हालचाल झाली. सगळी थकबाकी एका दिवसात निघाली. म्हणजे ती आधीही निघू शकली असती, नाही का? सचिवसाहेबांनी त्याच मऊ खुर्च्यांच्या सभागृहात समारंभ केला आणि आपण मुलींसाठी किती झटलो यावर भाषण ठोकले. भिंत सांगत होती की टाळ्या वाजवायला फक्त मेहुणे होते. यापुढे मानधन सामन्याच्या आधी जमा होईल, असेही ठरले. कप्तानाचे पैसे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेले. ती आता नीट चालते. धावत नाही.

भिंगरी आता मोठ्या संघात आहे. ताईबरोबर खेळायचे तिचे राहिले ते राहिलेच.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आमची काळजी घ्या. माझे रेक्झिन फाटले आहे, मागचे पाय डुगडुगतात, हे खरे आहे. पण माझे राहू द्या. तुम्ही सामना पाहाल, टाळ्या वाजवाल, खेळाडूंची चित्रे वहीवर चिकटवाल. तेव्हा एवढेच विचारा की यांचे पैसे यांना मिळाले का. मोठ्या आवाजात विचारा. घरी भांडी घासायला येणाऱ्या काकूंबद्दल विचारा, शाळेत झाडू मारणाऱ्या काकांबद्दल विचारा. मोठी माणसे म्हणतील, बघू नंतर. तुम्ही गप्प बसू नका.

परवाचीच गोष्ट. संघात एक नवी पोर आली आहे, अजून बाकावर पहिली पडते. भोकात तोंड घालून ती कुरकुरत होती, "मावशी, मानधन अजून जमा झालं नाही. दोन दिवस झाले. असं कुठं असतं का?"

भिंगरी दारात उभी होती. तिने ते ऐकले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन दिवस? अगं, तुला काय माहीत आमच्या वेळी..." असे म्हणत ती तावातावाने पुढे आली. ती पोर घाबरून उठून बसली.

भिंगरी थांबली. तिने मावशीकडे पाहिले, मग त्या पोरीच्या धडधाकट गुडघ्यांकडे पाहिले.

"ऊठ," ती म्हणाली. "मालिश राहू दे. आधी महासंघात जा आणि विचार."